वर्गासाठी विकिपीडियाचा लेख सुधारायचाय? आधी लायब्ररीत जा, लॅपटॉप नंतर उघडा

दरवर्षी सेमिस्टर सुरू झालं की पहिल्या आठवड्यात मी वर्गात एक कागद फिरवते, त्यावर प्रत्येकाने आपण विकिपीडियाचा कुठला लेख सुधारणार ते लिहायचं. कागद परत येतो तेव्हा त्यावर काय असणार ते मला आता न बघता सांगता येतं. नाशिक, कुंभमेळा, कुसुमाग्रज, सावरकर, गोदावरी, एक जण हमखास मिसळ, आणि शेवटच्या बाकावरच्या एकाचं 'क्रिकेट'. अख्खं क्रिकेट. मग तीन आठवड्यांनी हीच पोरं स्टाफरूमच्या दारात, मॅडम माझं सगळं उडवलं, मॅडम त्यांनी मला वॉर्निंग दिली, मॅडम टॉपिक बदलून द्या ना.

तर हे त्या मुलांसाठी ज्यांना यंदा पहिल्यांदाच असलं असाइनमेंट मिळालंय, आणि त्या सर-मॅडमसाठी पण ज्यांनी ते उत्साहात देऊन टाकलंय आणि आता पुढे काय ते कळत नाहीये. मी स्वतः पहिल्या वर्षी भरपूर माती खाल्लीय, त्यामुळे खाली जे सांगतेय त्यातलं बरंचसं चुकून शिकलेलं आहे.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. सगळे आधी विषय ठरवतात, मग नेटवर माहिती शोधतात, मग जे पहिलं मिळेल ते थोडं इकडेतिकडे करून टाकतात. उलटं करा. आधी हातात एक-दोन चांगली पुस्तकं घ्या, आणि त्या पुस्तकातलं कुठल्या लेखात नाहीये ते शोधा. पुस्तक आधी, लेख नंतर. एवढं केलं तरी निम्मी डोकेदुखी जाते.

खातं उघडणं (आणि कॉलेजच्या लॅबमधला घोळ)

खातं उघडायला दोन मिनिटं लागतात, पण साठ जणांचा वर्ग एकाच लॅबमध्ये बसून एकाच वेळी खाती उघडायला लागला की सातव्याला एरर येतो. कारण एका आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या नंबरावरून, दिवसाला साधारण सहाच नवीन खाती उघडू देतात, आणि लॅबमधली सगळी मशीनं बाहेरून एकाच पत्त्याची दिसतात. आमचा पहिला पूर्ण तास यात गेला, लॅब असिस्टंट बिचारे राउटर बंद-चालू करत बसले होते. म्हणून खातं घरूनच उघडून या. मोबाइल डेटावरून कधीकधी 'हा पत्ता ब्लॉक आहे' असं येतं, घाबरू नका, तुम्ही काही केलेलं नसतं, तुमच्यासारख्या हजारो लोकांना कंपनीने तोच पत्ता दिलेला असतो आणि त्यातल्या कोणीतरी उपद्व्याप केलेले असतात. घरच्या वायफायवरून करा नाहीतर मैत्रिणीकडे जा.

नाव काय घ्यायचं? खरं नाव द्यायलाच पाहिजे असं काही नाही. रोल नंबर, मोबाइल नंबर, जन्मसाल वगैरे नावात घुसवू नका, ते कायमचं दिसत राहतं. कॉलेजच्या किंवा ग्रुपच्या नावाने खातं चालत नाही, आणि चौघांच्या ग्रुपने मिळून एकच खातं वापरणं तर अजिबातच नाही, एक माणूस एक खातं. यात मास्तरांचा पण फायदा आहे, प्रत्येकाने नक्की काय केलं ते 'योगदान' वर क्लिक केलं की सगळं तारीखवार दिसतं, कोणी कोणाच्या जिवावर मार्क घेतले ते लपत नाही.

मराठी टाइप करायला फोनवर तुम्ही जो कीबोर्ड वापरता तो चालतोच. कॉम्प्युटरवर काही नसेल तर विकिपीडियातच सोय आहे, लिहायच्या चौकटीत जाऊन कंट्रोल आणि एम दाबलं की चालू होते, अक्षरांतरण किंवा इनस्क्रिप्ट, जे जमेल ते घ्या.

मराठी की इंग्रजी?

माझं मत, मराठी. इंग्रजी विकिपीडियाने जानेवारी २०२० मध्येच साठ लाख लेखांचा टप्पा ओलांडलाय, तिथे तुमच्या डोक्यात येईल त्या विषयावर आधीच कोणीतरी बसलेलं असतं, आणि नवीन खात्याला चार दिवस आणि दहा संपादनं झाल्याशिवाय थेट नवा लेख सुरू करता पण येत नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, म्हणजे बरोबर महाराष्ट्र दिनी सुरू झाला, आणि अजूनही आपल्या आसपासच्या कितीतरी विषयांवर तिथे दोन-तीन ओळी आणि एक नकाशा एवढंच असतं. दोन ओळींच्या लेखात तुम्ही नीट संदर्भ देऊन दहा ओळी घातल्या तर तो लेख खरोखरच बदलतो. इंग्रजीत त्याच दहा ओळी समुद्रात मीठ.

आता पुस्तक

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, आपलं सावाना, १८४० पासून आहे. मी वर्गाला पहिल्या शनिवारी तिथेच घेऊन जाते आणि सांगते की आज फोन काढायचा नाही, नाशिकवरचं कुठलंही पुस्तक काढा आणि त्यातला एक धडा वाचा. मुलं आधी कंटाळतात. पण मग कोणाच्या तरी हाताला आपल्याच गावाचं नाव लागतं आणि चित्र बदलतं. दोन वर्षांपूर्वी सिन्नरवरून अप-डाउन करणारी एक मुलगी होती, तिने कागदावर 'शाहरुख खान' लिहिलेलं, वाचनालयात तिला मंदिर स्थापत्यावरच्या पुस्तकात गोंदेश्वर सापडला, ज्याच्यासमोरून ती लहानपणापासून जातेय. शाहरुख तिथेच सुटला.

नाशिकसाठी कामाला येणाऱ्या गोष्टी सांगते, बाकी जिल्ह्यावाल्यांनी आपापलं बघावं. बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या गॅझेटियरचा, म्हणजे सरकारने छापलेल्या जिल्हावार माहितीच्या ग्रंथाचा, सोळावा खंड नाशिकचा आहे, १८८३ चा, नेटवर पूर्ण वाचायला मिळतो. त्यातलं पांडवलेण्यांचं प्रकरण पंडित भगवानलाल इंद्रजींनी केलेलं आहे आणि ते अजूनही वाचण्यासारखं आहे. पुढे महाराष्ट्र सरकारने काढलेली जिल्हा गॅझेटियरची सुधारित आवृत्ती १९७५ ची. लेण्यांमधल्या शिलालेखांसाठी 'एपिग्राफिया इंडिका'चा आठवा खंड, त्यात सेनार या फ्रेंच अभ्यासकाने नाशिकचे लेख वाचून छापलेत. तिसऱ्या लेण्यातला सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा लेख, दहाव्यातले क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचे, उषवदाताचे लेख, सगळं एका ठिकाणी. मराठी विश्वकोश आहेच. आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली, गावकरी, देशदूत. शहराची गेल्या काही दशकांची गोष्ट लिहायची असेल तर याच्यावाचून पान हलत नाही.

एक सावधगिरीची गोष्ट. जुनं आहे म्हणून खरं आहे असं नाही. १८८३ च्या गॅझेटियरमधून रस्ते, बाजार, देवळं, दुष्काळ, पिकं हे घ्या, पण त्यात कुठल्या जातीचे लोक कसे असतात वगैरे जे ठोकून दिलंय ते साहेबाच्या चष्म्यातून आहे, ते उचलून लेखात टाकू नका. इंग्रजी विकिपीडियावर तर जातींच्या बाबतीत ब्रिटिशकालीन ग्रंथ भरवशाचे धरतच नाहीत.

आणि व्हॉट्सअॅप फॉरवर्ड, कोणाचा तरी ट्रेकचा ब्लॉग, हॉटेलची वेबसाइट, दुसऱ्या भाषेतला विकिपीडिया, हे संदर्भ म्हणून चालत नाहीत. वर्तमानपत्रातली बातमी चालते, पण ती विकिपीडियावरूनच उचललेली तर नाही ना ते बघा. बातमीची तारीख आणि लेखाच्या इतिहासात ते वाक्य कधी आलं ती तारीख, दोन्ही शेजारी ठेवा. वाक्य २०१४ मध्ये लेखात आलं आणि बातमी २०१९ ची, तर कोणी कोणाचं बघून लिहिलं ते उघड आहे.

लेख कसा निवडायचा

पुस्तक वाचून झालं की तीन-चार नावं डोक्यात असतात. आता ती विकिपीडियावर शोधा. शोधताना ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षर बदलून बघा, त्र्यंबकेश्वर कोणी त्रंबकेश्वर पण लिहितं, पांडवलेणी, पांडवलेणे, त्रिरश्मी लेणी, तिन्ही एकच. मागच्या वर्षी एका मुलाने मन लावून नवा लेख लिहिला आणि तो आधीपासून दुसऱ्या स्पेलिंगने होता, मग दोन्ही एकत्र करायचं काम वेगळंच.

मला विचाराल तर चांगला लेख म्हणजे असा जो आहे पण अर्धवट आहे. नवाकोरा लेख पहिल्याच फटक्यात करू नका. नवीन लेखावर सगळ्यांची नजर असते, विषय उल्लेखनीय आहे की नाही हा पहिला प्रश्न येतो, आणि उत्तर देता आलं नाही तर वर 'पानकाढा' साचा, म्हणजे लेख काढून टाका अशी तयार पाटी, लागतो. उल्लेखनीय म्हणजे काय तर त्या विषयाशी संबंध नसलेल्या लोकांनी त्यावर सविस्तर लिहून छापलेलं असणं. तुम्हाला तो विषय किती भारी वाटतो याच्याशी त्याचा संबंध नाही.

काय टाळायचं ते सांगते. फार मोठे विषय टाळा, 'नाशिक' किंवा 'गोदावरी नदी' या लेखात तुम्ही एक परिच्छेद घातला तरी कुठे हरवेल ते कळणार नाही. सध्या वाद चालू आहेत असे विषय टाळा, राजकारणी, जातीपातीचे लेख, महापुरुष. यातल्या व्यक्तींबद्दल अनादर म्हणून नाही, तर तिथे रोज ओढाताण चालू असते आणि तुमचं आठ आठवड्यांचं असाइनमेंट त्यात चिरडलं जाईल. येत्या सिंहस्थाचा लेख पण मी नकोच म्हणते, तिथे आता रोज नवीन आकडे येणार आणि रोज बदलणार. आणि स्वतःचं कॉलेज, स्वतःचा क्लास, नगरसेवक मामा, वडिलांचं दुकान, हे तर नकोच नको. आपल्या माणसाबद्दल आपण तटस्थ लिहूच शकत नाही. मामा कितीही चांगला असला तरी.

मग काय घ्यायचं? काही उदाहरणं देते, ही यादी नाही, वाट कशी काढायची ते दिसावं म्हणून.

साल्हेर किल्ला घ्या. बागलाणातला, १५६७ मीटर उंच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी स्थापत्य' म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले त्यात हा आहे. म्हणजे एकदम नवीन, नीट कागदपत्रं असलेली माहिती उपलब्ध झालीय. असा विषय सापडला की धरा.

नांदूरमध्यमेश्वर, निफाड तालुक्यातलं, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरवलेली पाणथळ जागा. इथे एक गंमत आहे, दर्जा मिळाल्याची तारीख जून २०१९ ची आणि जाहीर झालं जानेवारी २०२० मध्ये, त्यामुळे निम्म्या बातम्यांमध्ये एक साल आणि निम्म्यांमध्ये दुसरं. दोन्ही नीट समजावून लिहिलं, दोन संदर्भ दिले, की तुमचं ते एक वाक्य सगळ्या बातम्यांपेक्षा जास्त उपयोगाचं झालं. मला असली कामं फार आवडतात, मार्क पण मी अशाला जास्त देते.

रामशेज. दिंडोरी तालुक्यातला छोटा किल्ला, १६८२ मध्ये मोगलांनी वेढा घातला, आणि तो किती वर्षं लढला यावर तुम्हाला पाच, सहा, साडेसहा असे सगळे आकडे मिळतील. जो आकडा सगळ्यात रोमांचक तो पटकन लिहून टाकायचा मोह होतो. त्याऐवजी कुठल्या इतिहासकाराने कुठला आकडा दिलाय ते नावानिशी लिहा, आणि स्वतः निवाडा करायला जाऊ नका.

आणि एक अवघड उदाहरण, रहाड. रंगपंचमीला जुन्या नाशकात त्या दगडी हौदात उड्या मारतात, तिवंधा, शनि चौक, हे आपल्याला माहीत आहे, दरवर्षी एकाला तरी यावर लिहायचं असतं आणि मला पण मनापासून वाटतं की व्हावं. पण त्याला मिळणारे संदर्भ बहुतेक सगळे सणाच्या आधी दोन दिवस येणाऱ्या बातम्या, त्याच त्याच चार ओळींच्या. 'माझ्या आजीने सांगितलंय' हे विकिपीडियावर चालत नाही. आजी खोटं बोलते म्हणून नाही, वाचणाऱ्याला आजीकडे जाऊन तपासता येत नाही म्हणून. जुन्या फायलींमध्ये बसायची तयारी असेल तर घ्या हा विषय, नाहीतर त्याचे फोटो तेवढे चांगले काढा.

बदल करायच्या आधी

लेख ठरला की लगेच 'संपादन' दाबू नका. वर 'चर्चा' असं लिहिलेलं असतं ते उघडा, आधी कोणी काय भांडलंय ते वाचा. मग 'इतिहास' उघडा. महिनोन्महिने कोणी हात लावला नसेल तर शांत लेख आहे. कालच चार जणांनी एकमेकांचं पुसलं असेल तर दुसरा विषय घ्या, अजून उशीर झालेला नाही.

मग लेख छापून घ्या. हो, कागदावर. पेन घेऊन प्रत्येक वाक्याला विचारा, हे तुला कोणी सांगितलं? ज्याला उत्तर नाही तिथे खूण करा. गंगापूर धरणाबद्दल 'आशियातलं पहिलं मातीचं धरण' असं आपण सगळे शाळेपासून म्हणत आलोय, पण पुराव्याला काय? असं वाक्य लेखात दिसलं तर लगेच उडवायची गरज नाही, त्याला 'संदर्भ हवा' हा साचा लावा आणि शोधायला लागा. सापडला तर जोडा. बरेचदा तुमचं निम्मं असाइनमेंट या खुणांमध्येच लपलेलं असतं, नवीन काहीच न लिहिता फक्त दहा वाक्यांना दहा संदर्भ जोडले तरी ते चांगलं काम आहे.

धूळपाटी

प्रत्येक खात्याला एक धूळपाटी मिळते, नाव किती छान ठेवलंय बघा. तिथे काहीही लिहा, मोडा, पुसा, कोणी रागावत नाही. पहिला मसुदा तिथे. फक्त एक, धूळपाटी म्हणजे खासगी डायरी नाही, ती पण सगळ्यांना दिसते, आणि कॉपी केलेलं तिथेपण चालत नाही.

कॉपीबद्दल आता बोलतेच. २०११ मध्ये पुण्यातल्या काही कॉलेजांमध्ये विकिपीडियावर लिहायचा मोठा कार्यक्रम झाला होता, हजारेक विद्यार्थी, इंग्रजी विकिपीडिया. उत्साह प्रचंड, पण मुलांनी पुस्तकांमधून आणि वेबसाइटवरून इतकं जसंच्या तसं उचलून टाकलं की ते साफ करता करता तिथले स्वयंसेवक मेटाकुटीला आले, आणि शेवटी त्याच वर्षी तो प्रयोग थांबवावा लागला. मला त्या मुलांना दोष द्यावासा वाटत नाही. आपल्याकडे शाळेपासून 'पुस्तकात आहे तसंच लिही' यालाच मार्क असतात, मग एकदम एकोणिसाव्या वर्षी कोणी सांगितलं की तसं लिहिणं गुन्हा आहे तर ते कसं उमगणार?

म्हणून माझी पद्धत. पुस्तक वाचा, बंद करा, चहा घेऊन या, मग वहीत आपल्या शब्दांत चार मुद्दे लिहा, मग पुस्तक उघडून फक्त नावं, साल आणि आकडे तपासा. वाक्यातले दोन शब्द बदलून ठेवणं म्हणजे आपल्या शब्दांत लिहिणं नव्हे, तेही पकडतात. विश्वकोशातून माहिती घ्या, वाक्यं घेऊ नका.

जुन्या पुस्तकांचा नियम जरा वेगळा. आपल्याकडे लेखक वारल्यानंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, म्हणजे ज्ञानकोशकार केतकर १९३७ साली गेले, त्यांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड आता सगळ्यांचे आहेत. कायद्याने उतरवून काढता येतं, पण तेही कुठून घेतलं ते लिहायलाच हवं, आणि शंभर वर्षांपूर्वीची माहिती आणि भाषा आजच्या लेखात तशीच चिकटवली की ती लगेच कळते.

एआयचं पण सांगून टाकते, कारण मी नाही म्हटलं तरी तुम्ही वापरणार. भाषा शुद्ध आहे का ते विचारा, हरकत नाही. पण त्याच्याकडून लेख लिहून घेऊ नका. ते न छापलेल्या पुस्तकांची नावं पानक्रमांकासकट देतं, मी स्वतः एका मुलीने दिलेलं असं एक पुस्तक सावानात दोन दिवस शोधलंय. ऑगस्ट २०२५ पासून इंग्रजी विकिपीडियावर तर न तपासता टाकलेला असा एआयचा लेख चर्चा न करता थेट काढायचा नियम झालाय.

भाषांतर चालतं. इंग्रजी लेखावरून मराठी करायला परवानगी आहेच, फक्त बदलाच्या सारांशात (प्रकाशित करताना काय बदललं ते लिहायची छोटी चौकट) 'अमुक इंग्रजी लेखावरून भाषांतर' असं लिहायचं, कारण मूळ लिहिणाऱ्यांना श्रेय देणं ही विकिपीडियाचा मजकूर वापरायच्या परवान्याची अट आहे. आणि मशीनने केलेलं जसंच्या तसं सोडू नका. आमच्या वर्गात एका देवळासमोर 'एक भव्य रणगाडा' उभा राहिला होता. इंग्रजीत कुंडालाही टँकच म्हणतात ना.

लिहायचं कसं

मी इथे गप्पा मारल्यासारखं लिहितेय तसं तिथे लिहायचं नाही, तिथे प्रमाण मराठी. आणि विशेषणं आवरा. मुलांचं पहिलं वाक्य साधारण असं असतं, 'नाशिक जिल्ह्याचे वैभव असलेले व भाविकांचे श्रद्धास्थान असलेले अतिशय सुंदर व प्राचीन गोंदेश्वर मंदिर सिन्नर येथे दिमाखात उभे आहे.' यातून कळलं काय? सिन्नरला मंदिर आहे, बास. त्याऐवजी, 'गोंदेश्वर हे सिन्नर येथील यादवकालीन शिवमंदिर आहे. मुख्य मंदिराभोवती पार्वती, गणपती, सूर्य आणि विष्णू यांची चार उपमंदिरे असल्याने ते शैव पंचायतन म्हणून ओळखले जाते.' सुंदर आहे हे वाचणारा फोटो बघून ठरवेल.

व्यक्तींबद्दल लिहिताना 'ते म्हणाले', 'त्यांनी लिहिले' असं आदरार्थी चालतं, पण थोर, महान, स्वर्गीय, लाडके हे नको. 'सध्या', 'आजकाल', 'नुकतेच' हे पण नको, लेख दहा वर्षांनी वाचला जातो. आकड्याला साल जोडा. जिल्ह्याची लोकसंख्या ६१,०७,१८७ एवढंच लिहिलं तर अर्धवट, २०११ च्या जनगणनेनुसार असं म्हटलं की पूर्ण.

संदर्भ जोडायला संपादनाच्या पट्टीवर बटण असतं. वेबपानाचा पत्ता टाकला की बरीच माहिती आपोआप भरते, पण मराठी वर्तमानपत्रांच्या बाबतीत लेखकाचं नाव आणि तारीख हाताने तपासा, बरेचदा गडबड असते. पुस्तक असेल तर लेखक, नाव, प्रकाशक, साल आणि पान. पान लिहायला विसरू नका, चारशे पानी पुस्तकाचं नुसतं नाव देणं म्हणजे नाशिकरोडला उतरा आणि विचारत या म्हणण्यासारखं आहे.

टाकताना

सगळं एकदम टाकू नका. एक परिच्छेद, त्याचे संदर्भ, सारांशात एक ओळ 'स्थापत्याची माहिती संदर्भांसह जोडली', आणि प्रकाशित करा. दोन दिवसांनी पुढचा. यात फायदा असा की काही चुकलं तर तेवढंच परत फिरवलं जातं, सगळी मेहनत एका फटक्यात जात नाही. आणि असाइनमेंटच्या शेवटच्या रात्री अकरा वाजता साठ जणांनी एकदम टाकणं, हे तर कृपा करून नको, तिकडे मोजकी माणसं आपला नोकरीधंदा सांभाळून हे बघत असतात.

तुमचं काही उडवलं गेलं तर? पहिली गोष्ट, परत तेच टाकू नका. इतिहासात बघा कोणी काढलं, कारण लिहिलेलं असतं. मग चर्चा पानावर जाऊन नीट विचारा, 'नमस्कार, मी विद्यार्थी आहे, हा परिच्छेद का काढला ते कळेल का, माझ्याकडे अमुक पुस्तकाचा संदर्भ आहे.' शेवटी टिल्डचं चिन्ह चार वेळा दाबलं की तुमची सही आणि वेळ आपोआप येते. पलीकडचा माणूस कधी तुटक बोलतो, मनावर घेऊ नका, दिवसाला असे कितीतरी येतात त्याच्याकडे. तिथे उत्तर मिळालं नाही तर चावडीवर विचारा, मराठी विकिपीडियावर सगळ्यांनी मिळून बोलायच्या जागेचं नाव चावडीच आहे.

शिकवणाऱ्यांसाठी मध्येच एक, लेख टिकला की नाही यावर मार्क देऊ नका. तसं केलं की मुलं चर्चा पानावर मार्कांसाठी हात जोडायला लागतात, मी बघितलंय. मसुदा, संदर्भांची निवड, चर्चेतली उत्तरं यावर द्या, पुसलेलंही इतिहासात राहतंच. आणि वर्गाचं काम एका ठिकाणी दिसायला 'प्रोग्रॅम्स अँड इव्हेंट्स डॅशबोर्ड' नावाची फुकट सोय आहे, मुलांना लिंक दिली की कोणी किती भर घातली ते आपोआप मोजलं जातं. मी आधी दोन वर्षं वहीत नोंदी करत होते, आठवलं की हसू येतं.

फोटो

ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी ही खरी जागा. रविवारी सकाळी निघा, स्वतः काढलेले फोटो कॉमन्सवर, म्हणजे सगळ्या विकिपीडियांच्या फोटोंच्या सामायिक साठ्यावर, चढवा, मग ते कुठल्याही भाषेच्या लेखात वापरता येतात. चौकातला पुतळा, इमारत, याचा फोटो आपल्या कायद्यात चालतो. भिंतीवरचं चित्र किंवा होर्डिंग मात्र चालत नाही, त्याचा हक्क काढणाऱ्याचा. आजोबांच्या अल्बममधला जुना गोदाघाटाचा फोटो तुमच्या कपाटात आहे म्हणून तुमचा होत नाही, फोटो काढणाऱ्याचा असतो, तो कोण होता ते आधी शोधा. गूगलवरून उतरवलेले तर सोडूनच द्या. फोटोला नाव देताना 'आयएमजी' आणि आकडे असं ठेवू नका, काय आहे, कुठल्या बाजूने, कधी काढला ते लिहा.

सेमिस्टर संपल्यावर

लेख 'निरीक्षणसूची'त टाकून ठेवा, चांदणीवर क्लिक केलं की होतं. मग कोणी बदल केला की तुम्हाला कळतं. सिन्नरवाली ती मुलगी आता पुण्यात नोकरीला आहे, तिला गेल्या दिवाळीत दिसलं की कोणीतरी तिच्या परिच्छेदात परत 'दिमाखात उभे आहे' घातलंय. तिने ते काढलं, सारांशात कारण लिहिलं, आणि मला स्क्रीनशॉट पाठवला.

आणि हो, लायब्ररीची पुस्तकं तेवढी परत करा. पुढची बॅच जुलैत येते.